पिकअपची लेव्हलिंग किट, रिम आणि टायर : कामाच्या नोंदी (जालना, एप्रिल ते ऑगस्ट 2024)

13 एप्रिल

गाडी : इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, 4x4, 82,000 किमी. खाली 255/60 आर 18 टायर. नक्षी 2.5 मिमी उरलेली. मागच्या डाव्या टायरला बाजूने बोटभर काप, आतला धागा दिसतोय. अंबडकडच्या पाणंदीत उकरलेल्या काळ्या दगडाच्या धारेने तो गेला. नक्षीवरचं पंक्चर निघतं, बाजूचा काप निघत नाही. म्हणजे टायर घ्यायचेच आहेत. त्यासोबत लेव्हलिंग किट (पुढची बाजू उचलून मागच्या उंचीजवळ आणणारे तुकडे) बसवून पुढचं नाक थोडं वर घ्यायचं आणि रिम बदलायच्या का ते ठरवायचं.

पिकअप रिकामी असताना मागून उंच असते, कारण हौद्यात माल पडल्यावर पाटे बसणार हे धरूनच ती बनवलेली असते. हा दोष नाही. हे वाक्य पुढच्या सगळ्या नोंदींच्या मुळाशी आहे. आम्हाला ते महिनाभर उशिरा कळलं.

14 एप्रिल

मापं घेतली. पहिली मापं रद्द. अंगणाला पाण्यासाठी उतार दिलेला होता, त्यामुळे एकाच गाडीची दोन दिशांनी दोन मापं आली. पेट्रोल पंपामागच्या वजनकाट्याच्या सपाट काँक्रीटवर पुन्हा घेतली.

माप कसं घ्यायचं : जमिनीपासून मडगार्डपर्यंत घेऊ नका. टायर बदलला की ते माप निरुपयोगी होतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. तिरकसपणासाठी मात्र मडगार्ड चालत नाही, पुढचा आणि मागचा गाळा सारखा नसतो. त्याला चासीवरचे दोन बिंदू लागतात, एक पुढच्या चाकाच्या रेषेत, एक मागच्या. हवा चारही चाकांत सारखी, टाकी भरलेली.

चाकांमधलं अंतर 3,095 मिमी. तेवढ्यात मागची बाजू 46 मिमी उंच निघाली. हे माप रिकाम्या गाडीचं.

18 एप्रिल

कायद्याचं आधी बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 : कंपनीने मंजूर करून घेतलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. 9 जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे वाचूनच दोन मर्यादा घातल्या. टायरचा व्यास मूळपेक्षा दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि रबर मडगार्डच्या बाहेर येऊ द्यायचं नाही. या मर्यादांमुळे बदल कायदेशीर ठरतो असा अर्थ काढू नका. एमएच-21 असो की एमएच-24, आपल्या आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर कळवून उपयोग नाही.

21 एप्रिल : टायरचं माप

कागदावर व्यास काढले. रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे बाजूची उंची. तिची दुप्पट करून रिमचा व्यास मिळवायचा.

255/60 आर 18 (मूळ) : 763 मिमी, बाजू 153
265/60 आर 18 : 775 मिमी, बाजू 159
265/65 आर 17 : 776 मिमी, बाजू 172
265/70 आर 17 : 803 मिमी, बाजू 185

शेवटचं दिसायला सगळ्यात देखणं, पण 5.2 टक्के मोठं. गिअर तेवढे लांब होतात, स्पीडोमीटर कमी दाखवतो, चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासतं. बाद.

मधले दोन उंचीला जवळजवळ सारखे. फरक बाजूच्या रबराचा. 265/60 आर 18 आहे त्याच रिमवर चढतं, नवीन रिमचा खर्च शून्य. 265/65 आर 17 ला रिम घ्याव्या लागतात, पण बाजूला 153 ऐवजी 172 मिमी रबर मिळतं. हवा कमी करून शेतात गेलं तर दगड आणि रिमची कड यांच्यामध्ये तेवढी जास्त उशी राहते. आपल्याकडे टायर बाजूनेच मरतो म्हणून 17 घेतला. डांबरी रस्ता जास्त आणि पाणंद महिन्यातून एकदा असेल, तर 265/60 आर 18 घ्या आणि रिमचे पैसे वाचवा. हा सल्ला मनापासून आहे.

दोन्ही मापं फॉर्च्युनरमुळे सगळीकडे मिळतात. एक टायर फुटला तर परभणीत, बीडमध्येही दुसरा सापडतो. दुर्मिळ माप घेऊन आठ दिवस स्टेपनीवर फिरण्यात शहाणपण नाही.

24 एप्रिल : नक्षी

ए/टी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचा) की एम/टी (मड-टेरेन, चिखलाचा) यावर दोन दिवस गेले. काळी माती ओली झाली की ए/टीच्या खाचा दहा मीटरात भरतात आणि चाक गुळगुळीत लोळा होतं. एम/टीच्या रुंद खाचा चाक जोरात फिरवलं की माती फेकतात. पण वर्षातले दहा महिने गाडी डांबर, मुरूम आणि समृद्धीच्या काँक्रीटवर असते. तिथे एम/टी आवाज करतो, ओल्या डांबरावर ब्रेकला लांब जातो, लवकर झिजतो. आणि वाफसा नसलेल्या काळ्या रानात एम/टी घालूनही जायचं नसतंच. ए/टी घेतला.

बाजूवरच्या खुणांपैकी बर्फाच्या डोंगराच्या चित्राला मराठवाड्यात काही अर्थ नाही. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. बघायचं ते भार-अंक आणि वेग-अक्षर. 112 एस म्हणजे एका टायरवर 1,120 किलो आणि 180 चा वेग. मूळ टायरच्या अंकापेक्षा खाली जायचं नाही. मापाच्या आधी 'एलटी' लिहिलेला जाड टायरही मिळतो. तो कापाला चिवट, पण जड आहे, आणि तोच भार पेलायला त्याला हवा जास्त लागते. रिकाम्या गाडीत मणके हलतात. आमच्या वजनाला साधा पुरला.

27 एप्रिल : रिम

हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) व्हर्नियर लावून मापं : सहा बोल्ट, 139.7 मिमी वर्तुळ, हबचा उंचवटा 100.1, आटे 12 x 1.5. मूळ रिम 18 x 7.5, ऑफसेट 33 (म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग 33 मिमी बाहेरच्या बाजूला).

दुकानात स्वस्तात 17 x 9, ऑफसेट 0 चा सेट दाखवला. गणित मांडलं. मूळ रिमची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून 62 मिमी बाहेर. 9 इंची, ऑफसेट 0 ची 114 मिमी. प्रत्येक चाक 52 मिमी बाहेर! चाकाच्या बेअरिंगवर तरफ वाढते, खड्ड्यात स्टिअरिंगला झटके बसतात, चिखल थेट दारांवर उडतो, आणि आपली मडगार्डची मर्यादा मोडते. बाद.

घेतलेली : 17 x 8, ऑफसेट 20. बाहेरून 19 मिमी जास्त, आतून 7 मिमी कमी. टायर रबरसकट मडगार्डच्या आत राहतो. रिकामी रिम आधी हबवर चढवून हाताने फिरवून बघितली. ब्रेकच्या कॅलिपरला 6 मिमी फट. ही तपासणी टायर चढवायच्या आधीच करा, टायर चढल्यावर दुकानदार रिम परत घेत नाही.

2 मे

टायर आले. पाचांपैकी चारांवर 0824, म्हणजे 2024 चा आठवा आठवडा. पाचव्यावर 3122. पावणेदोन वर्षं गोदामात पडलेला. परत केला, बदलून मिळाला, पण संभाजीनगरची एक फेरी वाया. बिल करण्याआधी पाचही टायरची बाजू स्वतः वाचा. आकडे एकाच बाजूवर असतात, त्यामुळे टायर उलटूनही बघावा लागतो.

पाच का : जुनं 18 इंची चाक स्टेपनी म्हणून ठेवलं तर व्यासात 13 मिमी फरक पडतो. तसं चाक पुढे किंवा मागे लागलेलं असताना कडक रस्त्यावर 4x4 टाकलं तर ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग) ताणात येते. पाचव्यासाठी फॉर्च्युनरच्या मापाची 17 x 7.5 स्टील रिम घेतली.

4 मे : लेव्हलिंग किट, पहिला प्रयत्न

46 मिमीचा फरक, म्हणून डब्यावर '38 मिमी' लिहिलेली स्पेसर किट आणली. हिशोब असा केला की 38 ने नाक उचललं तर मागे 8 मिमी उंची उरेल. हा हिशोब चूक होता. का, ते खाली.

पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसणारा जाड गोल तुकडा असतो तो. स्प्रिंग दाबावी लागत नाही, हा त्याचा फायदा. क्रम : चासीखाली घोड्या लावून गाडी उचला, फक्त जॅकवर कधीही नको. चाक काढा. ब्रेकच्या नळीची पट्टी आणि एबीएसच्या वायरची क्लिप सोडवा. अँटीरोल बारची लिंक काढा. वरचा बॉल जॉइंट सोडवा. त्यासाठी नट टोकापर्यंत काढू नका, दोन आटे ठेवून नकलच्या (हब धरणारा, चाकासोबत वळणारा लोखंडी भाग) कानावर हातोडा मारा, रबराच्या बुटावर नाही. मग वरचे तीन नट, खालचा बोल्ट, आणि शॉकअप बाहेर.

डाव्या बाजूला चूक झाली. बॉल जॉइंट सुटला आणि नकल बाहेर लोंबकळला. एबीएसची वायर ताणली, प्लगमधली पिन मागे सरकली. सगळं बसवून गाडी चालू केल्यावर दिवा लागला. पिन शोधण्यात दोन तास गेले. उजवीकडे आधीच नकल तारेने वरच्या आर्मला बांधला, काही झालं नाही. ती तार ब्रेकची नळीसुद्धा वाचवते.

एकूण सात तास.

5 मे

जॅकवरून उतरवल्यावर लगेच माप घेऊ नका. चाकं आत ओढलेली असतात, गाडी उंच दिसते. 20 किमी चालवून, दोन गतिरोधकांवरून नेऊन मग मोजलं. पुढचं नाक 68 मिमी वर! मागच्यापेक्षा 22 मिमी उंच.

कारण : शॉकअप खालच्या आर्मच्या टोकाला नसतो, मधल्या भागात असतो. शॉकअपला 1 मिमी मिळाला की चाकाला या गाडीत साधारण 1.8 मिमी मिळतात. 38 गुणिले 1.8 म्हणजे 68. काही किटच्या डब्यावर स्पेसरची जाडी लिहितात, काहींच्या डब्यावर मिळणारी उचल. घेताना विचारा आणि हातात घेऊन जाडी मोजा. या एका प्रश्नाने आमचे पंधरा दिवस आणि तेरा हजार वाचले असते.

18 मे

तरीही 'चालवून बघू' म्हणून 600 किमी चालवली. ते करायला नको होतं. निकाल :

अलाइनमेंटच्या मशीनवर ॲडजस्टिंग बोल्ट टोकाला गेले, तरी कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) उजवीकडे अर्धाच उरला. 80 च्या पुढे स्टिअरिंग मध्यावर थांबत नाही, सतत हाताने सांभाळावं लागतं.

खड्ड्यातून चाक खाली लोंबलं की 'टक' असा आवाज. वरच्या आर्मच्या आतल्या अंगाला नखाएवढी जागा रंग जाऊन चकचकीत झालेली, समोर स्प्रिंगच्या वेटोळ्यावर तशीच खूण. लोखंड लोखंडाला भिडत होतं.

डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद देणारा दांडा) बाहेरच्या बुटाच्या, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी टोपणाच्या, घड्या एकमेकींवर घासून फाटल्या. चाक काढलं तेव्हा रिमच्या आतल्या अंगावर काळ्या ग्रीसची बारीक रेघ, पंख्यासारखी गोल उडालेली. बूट आधीचाच 82,000 किमीचा होता, पण कोन वाढला नसता तर आज फाटला नसता. ग्रीसमध्ये धूळ जायच्या आत दिसलं म्हणून जॉइंट वाचला.

19 मे

किट काढली. बूट बदलला. आणि जे 14 एप्रिलला करायला हवं होतं ते केलं : भरल्या गाडीची मापं.

हौद्यात डीएपीच्या 50 किलोच्या चार गोण्या, गाडीत चार माणसं. आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या आत. मागची बाजू 31 मिमी बसली, पुढची 8. म्हणजे 46 चा फरक भरल्यावर 23 उरतो. रिकामी गाडी दोरीत आणली असती तर भरल्यावर नाक 23 मिमी वर गेलं असतं. पुढच्या चाकांवरचा भार हलका, ब्रेकला पुढची पकड कमी, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत.

गाडी भरल्यावर सरळ हवी, रिकामी असताना मागून थोडी उंचच राहू द्यायची. लक्ष्य ठरलं : पुढे 25 ते 27 मिमी. भागिले 1.8, म्हणजे स्पेसर 15 मिमी.

23 मे

15 मिमीची तयार किट मिळाली नाही. वाळूज एमआयडीसीतल्या लेथवर ॲल्युमिनियमचे दोन तुकडे करून घेतले, नमुना म्हणून शॉकअपचं वरचं टोपण नेलं. पॉलियुरेथेनचे स्वस्त पडतात, पण कालांतराने चेंबतात आणि नट ढिले होतात.

इथे काटकसर करायची नाही ती जागा म्हणजे स्टड. मूळ स्टडला 15 मिमी कमी पडतात. 10.9 ग्रेडचे लांब स्टड दाबून बसवले. नट आवळल्यावर किमान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर ते काम अपुरं आहे, गाडी रस्त्यावर काढू नका.

25 मे : दुसरा प्रयत्न

साडेचार तास. नकल बांधून. आणखी एक दुरुस्ती : पहिल्या वेळी शॉकअपचा खालचा बोल्ट चाक हवेत असतानाच पूर्ण आवळला होता. तसं केलं की रबराचा बुश लोंबलेल्या स्थितीत घट्ट होतो, गाडी खाली आली की पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. या वेळी बोल्ट हाताने बसवून, गाडी चाकांवर उभी करून मग टॉर्क पान्हा लावला. आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

20 किमीनंतर माप : पुढे 27 मिमी वर. रिकामी असताना मागे 19 मिमी उंच, भरल्यावर नाक 4 मिमी वर. डोळ्याला सरळ. आर्म आणि स्प्रिंगमध्ये चाक पूर्ण लोंबल्यावरही करंगळी जाते. अलाइनमेंट दोन्ही बाजूंना हद्दीत बसलं.

26 मे : दिवे

हे बहुतेक जण विसरतात. 27 मिमी किरकोळ वाटतात, पण 3,095 मिमीवर तो अर्धा अंश होतो आणि 10 मीटरवरच्या भिंतीवर झोत 87 मिमी वर जातो. लो बीम 10 मीटरला खाली असतो तोच मुळी साधारण 100 ते 130 मिमी. म्हणजे जवळजवळ सगळा उतार खाल्ला गेला. बदलाच्या आधी भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवली होती, स्क्रू फिरवून झोत तिथे आणला. रेघ आधी मारा, नंतर मूळ जागा सापडत नाही. आमची पहिल्या किटच्याही आधीची होती म्हणून कामी आली.

28 मे : चाकं चढली

75 ते 95 च्या मध्ये स्टिअरिंगला थरथर. दुकानात दोनदा बॅलन्सिंग, फरक नाही. कारण बॅलन्सिंगमध्ये नव्हतंच. नव्या रिमचं मधलं भोक 106.1, हब 100.1. चाक उंचवट्यावर बसतच नव्हतं, फक्त नटांवर टांगलेलं होतं, एकेक नट पूर्ण आवळला की ज्या बाजूला आधी आवळला तिकडे केसभर सरकायचं. वाळूजलाच ॲल्युमिनियमच्या रिंगा कातून आणल्या, बाहेरून 106, आतून 100.1. प्लास्टिकच्या मिळतात, पण ब्रेकच्या उष्णतेने नरम पडतात. थरथर गेली. दीड दिवस वाया.

नट शंकूच्या बैठकीचेच हवेत, रिमच्या भोकाचा कोन तसा आहे. समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळत जायचं, आणि 100 किमीनंतर पुन्हा टॉर्क बघायचा. आमचे 24 पैकी तीन थोडे फिरले.

30 मे

समृद्धीवर जालना ते संभाजीनगर, जीपीएस लावून. आधी काटा 100 ला असताना खरा वेग 95 होता, आता 97.

हवा : पुढे 34, मागे 36 पीएसआय, सकाळी गाडी हलवायच्या आधी. दुपारी 42 अंशात चालवल्यावर तीच 39-40 दाखवते. ती काढायची नाही. काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा असतो आणि कमी हवेचाच टायर जास्त तापतो. नक्षीवर आडवी खडूची रेघ मारून 50 मीटर चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडेची पुसली तर कमी.

16 जून

पेरणीचा पाऊस झाला. घनसावंगीकडच्या रानात पहिली खरी परीक्षा. बांधापर्यंतच गेलो, हवा 22 वर आणून. पकड समाधानकारक.

पण नवी अडचण. कोरड्या गाडीत पुढच्या टायर आणि आतल्या प्लास्टिकमध्ये पूर्ण वळणाला 12 मिमी फट होती, ती पुरेशी धरली. काळी माती टायरवर बोटाच्या दोन पेरांएवढी चढते. तिने फट भरली, प्लास्टिक ओढलं, दोन क्लिपा तुटल्या, पुढच्या चिखलपट्टीचा एक स्क्रू उपटला. कोरडी फट इथे धरून चालत नाही.

उपाय : प्लास्टिक हीट गनने मऊ करून मागे दाबलं, क्लिपांऐवजी रुंद वायसर लावून बोल्ट, चिखलपट्टी 20 मिमी मागे. आता फट 30. परतल्यावर रिमच्या आतली माती लगेच काढा, वाळली की चाक बॅलन्समधून जातं आणि माणूस उगाच थरथरीचं कारण शोधत बसतो.

20 जून : खर्च

टायर 5 : 76,000. अलॉय 4 : 46,000. स्टील रिम : 5,200. पहिली किट : 7,800. लेथचे स्पेसर आणि स्टड : 3,900. हबच्या रिंगा : 1,800. बूट आणि ग्रीस : 1,700. अलाइनमेंट तीनदा : 3,300. टायर चढवणं, बॅलन्सिंग : 2,000. मिस्त्री : 5,500. एकूण 1,53,200.

यातले वाया गेलेले : पहिली किट, बूट, एक अलाइनमेंट आणि निम्मी मजुरी, मिळून 13,350. 18 इंची रिमवरच राहिलो असतो तर अलॉय, स्टील रिम आणि रिंगांचे 53,000 वाचले असते.

11 ऑगस्ट

5,000 किमी. चाकं फिरवली, स्टेपनीसकट पाचही. नक्षी पुढे 9.4, मागे 9.6 मिमी, आतली-बाहेरची कड सारखी, म्हणजे अलाइनमेंट टिकलं. स्पेसरचे सहाही नट जागेवर, स्टडवर मारलेली पिवळ्या रंगाची खूण तुटलेली नाही. ड्राइव्ह शाफ्टचे बूट कोरडे. उजव्या वरच्या बॉल जॉइंटच्या बुटाला देठापाशी बारीक भेग दिसतेय, ग्रीस अजून बाहेर नाही. बूट मागवलाय. तो येईपर्यंत दर रविवारी चाकामागे टॉर्च मारून बघायचं.